‘कधीपासून’चा रकाना

माझ्या टेबलावरच्या फॉर्मात किती रकाने आहेत ते मी कधी मोजलेलं नाही. पण त्यातला एक रकाना डोळे मिटले तरी मला दिसतो. पेशंटचं नाव, वय, पत्ता, पॉलिसीचा नंबर हे सगळं भरून झालं की खाली तो येतो. त्रास कधीपासून आहे?

मुलुंडमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी अठरा वर्षं कॅशलेसच्या काउंटरवर बसते. पेशंट दाखल झाला की त्याचे कागद आम्ही विमा कंपनीकडे पाठवतो. कंपनी हो म्हणाली तर बिल परस्पर भरलं जातं, नाही म्हणाली तर नातेवाइकांनी आपापलं बघायचं. हो आणि नाही यांच्या मधल्या खुर्चीत बसणारी बाई म्हणजे मी. लोक आधी माझ्याकडे आशेने बघतात, मग संशयाने, मग रागाने. माझा स्वभावही काही साखरेत घोळलेला नाही. ‘ताई, जरा लवकर पाठवा ना’ असं कुणी तिसऱ्यांदा म्हटलं की मी चष्म्याच्या वरून बघते आणि तो माणूस गुपचूप जाऊन बसतो.

एक गोष्ट मात्र माझ्या कामाबद्दल सगळे मानायचे. माझ्या हातून गेलेला फॉर्म परत येत नसे. कंपन्यांना शंका काढायची भारी हौस. हे स्पष्ट करा, ते स्पष्ट करा. मी त्यांना जागाच ठेवत नसे. ‘बऱ्याच दिवसांपासून’ असलं मोघम काही मला चालत नसे. दिवस सांगा, महिने सांगा, वर्षं सांगा. पेशंटच्या मागे लागून मी नेमकं उत्तर काढून घ्यायची आणि त्याचा मला गर्व होता. तो गर्व आता आठवला की अंगावर काटा येतो.

आते म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीत, बऱ्याच पायऱ्या चढून गेल्यावर तिचं घर. यजमान गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले आणि वॉचमन म्हणूनच गेले. एक मुलगा, कुरियर कंपनीत नोकरीला. माझी आई आजारी असायची तेव्हा आतेनेच माझ्या वेण्या घातल्या आणि मला शाळेत पोचवलं. मी चिडले की ती म्हणायची, ‘ह्या पोरीच्या नाकावर मिरची वाटूक होयी.’ माझ्यावर हसणं मी फक्त तिच्याकडूनच ऐकून घेतलंय.

आमच्या कोकणातल्या बायकांची एक रीत आहे. दुखणं नवीन आहे असं त्या कधी कबूल करत नाहीत. नवीन म्हटलं की घरात धावपळ, कुणाची तरी रजा, रिक्षा, खर्च. जुनं म्हटलं की कुणाला उठावं लागत नाही. जुनं दुखणं घरातल्या मांजरासारखं, आलं काय आणि गेलं काय. गुडघा सुजून भोपळा झाला तरी ‘ता जुनाच आसा’ म्हणायचं आणि भाकरी थापायला बसायचं. समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून बोललेलं ते एक सभ्य खोटं असतं. हे मला माहीत होतं. त्याच घरात वाढलेय मी, मला माहीत नसणार तर कुणाला?

करोनाचं सगळं निवळल्यानंतरच्या एका मे महिन्यात आते नात्यातल्या लग्नाला गेली आणि हॉलच्या पायरीवर छातीला हात लावून बसली. मुलाने तिला थेट आमच्याकडे आणलं. वाटेत दोन हॉस्पिटलं होती, पण तो फोनवर म्हणाला, ‘तू आहेस ना तिथे, ताई. मग दुसरीकडे कशाला?’ दोन वर्षांपूर्वी त्याने आईची पॉलिसी काढली होती. दर वर्षी पोटाला चिमटा काढून हप्ता भरत होता.

आमचे हृदयाचे डॉक्टर गुजराती. जन्म घाटकोपरचा, त्यामुळे मराठी उत्तम, पण मालवणी डोक्यावरून जायची. म्हणून मी काउंटर सोडून आत गेले आणि आतेच्या खाटेशी उभी राहिले. तोपर्यंत औषध देऊन तिचं दुखणं थांबवलं होतं. आमच्या हॉस्पिटलचा हिरवा गाऊन घालून ती लाजून बसली होती.

‘मावशी, दम कधीपासून लागतो?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘काय नाय ओ डाक्टर,’ आते म्हणाली, ‘ह्या जुनाच आसा.’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘जुनंच आहे म्हणते.’

‘जुनं म्हणजे किती?’

आणि मी, माझ्या इतक्या वर्षांतल्या सगळ्या हुशारीसकट, आतेकडे वळून म्हणाले, ‘आते, असं नको. नीट सांग. वर्षं सांग.’

तिने माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत असताना पाढे चुकले की मी जशी तिच्याकडे बघायची तशी. मग खिडकीकडे बघत म्हणाली, ‘हे गेले ना, तेवापासून.’

आतेचे यजमान जाऊन सात वर्षं झाली होती. मी तोंडी हिशेब केला आणि डॉक्टरांना सांगितलं, ‘सात वर्षं.’ त्यांनी केसपेपरवर लिहिलं, दम लागतो, सात वर्षांपासून. मी फॉर्मातला रकाना भरला, केसपेपर जोडला आणि पंधरा मिनिटांत सगळं कंपनीकडे पाठवलं. बाहेर येऊन आतेभावाला म्हटलं, ‘काळजी करू नकोस, कागद एकदम पक्के गेलेत.’

तपासणीत तीन ब्लॉक निघाले. डॉक्टर म्हणाले बायपास करावी लागेल, आज-उद्याच असं नाही पण फार थांबू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचं उत्तर आलं. त्रास सात वर्षांपासून, पॉलिसी दोन वर्षांची. आधीपासूनचा आजार लपवलेला आहे, म्हणून मंजुरी नाही.

मी डॉक्टरांकडे धावले. ‘ते सात वर्षं बदला,’ म्हटलं. ‘तिला तसं म्हणायचं नव्हतं.’

ते वाईट माणूस नव्हते, नाहीत. हताशपणे म्हणाले, ‘बेन, पहिला कागद गेला ना. आता खाडाखोड केली तर ते आणखी पकडतील. तुम्हीच तर मला हे शिकवलंय.’

खरं होतं. मीच शिकवलं होतं.

मी तक्रारीचं पत्र लिहिलं, वरच्या अधिकाऱ्यांना लिहिलं, आमच्या मॅनेजरच्या हातापाया पडले. भाऊ नोकरीच्या ठिकाणी उसने मागायला निघाला तर आतेने त्याला शपथ घातली. शेवटी तो मोठ्या सरकारी इस्पितळात गेला. तिथले डॉक्टर चांगले होते, फक्त त्यांच्या दारात अख्खं शहर उभं होतं. तारीख मिळाली ती गणपतीनंतरची. भाऊ रडकुंडीला आला होता, पण आते खूश झाली. ‘बरा झाला बाय,’ मला म्हणाली. ‘गणपती तरी गावाक करतलंय.’ मी तिच्याशी त्या दिवशी नीट बोललेसुद्धा नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती.

गोळ्यांची पिशवी घेऊन ती डोंगरावर परत गेली. दोघांनी खुर्चीत बसवून तिला वर नेलं. श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी, उपासाचा साबुदाणा भिजत घातला आणि तिथेच ओट्याशी खाली बसली. शेजारणीला वाटलं, जरा टेकली असेल.

आमच्या गावचं मंडळ आहे भांडुपला. तिथे मयताचा एक फंड असतो. प्रत्येक घर वर्गणी देतं, आणि कुणाकडे माणूस गेला की तासाभरात दोघं जण पाकीट घेऊन दारात येतात. त्या दुपारीही आले. चपला बाहेर काढल्या, हात जोडले, पाकीट भावाच्या हातात दिलं आणि तिरडीचं सामान आणायला गेले. माणूस कशाने गेला, कधीपासून आजारी होता, तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं, असं मंडळाने आजवर कुणाला विचारलेलं नाही. मी दाराशी उभी राहून त्या पाकिटाकडे बघत होते. आमच्या लोकांनी मरणासाठी जे जमवलं होतं ते जगण्यासाठी कुणालाच जमवता आलं नव्हतं. मला इतका राग आला की रडू यायचंच राहिलं.

स्मशानातून परतल्यावर भाऊ माझ्या शेजारी येऊन बसला. आवाज न चढवता म्हणाला, ‘तू असतानाच ना, ताई.’ एवढंच. परत कधी हा विषय त्याने काढला नाही. दर गणपतीला गावाहून माझ्यासाठी नारळ आणतो. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेराव्याला मी त्याला विचारलं, आतेला दम नक्की कधीपासून लागत होता? तो म्हणाला, ‘त्या लग्नाच्या आधी महिनाभर, फार तर. त्याआधी कसला दम? गॅसचा सिलिंडर पायऱ्यांवरून स्वतः ओढत आणायची. कुणाला हात लावू द्यायची नाही.’

म्हणजे सात वर्षं खोटीच होती. ‘हे गेले तेव्हापासून’ हे आजाराचं वय नव्हतंच. यजमान गेल्यापासून तिला झोप नव्हती, भूक नव्हती, सणावाराची गोडी नव्हती. सगळंच तेव्हापासून होतं. विधवा बाईचं कॅलेंडर होतं ते. मी त्याचं गणित केलं, आणि गणित बरोबर आलं म्हणून खूश झाले. तक्रारीच्या पत्राचं उत्तर महिन्याभराने आलं. पेशंटने स्वतः दिलेल्या माहितीनुसार, असं त्यात होतं. स्वतः. ते पत्र मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

तेव्हापासून आते माझ्या काउंटरशी येते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि ती पांढरी साडी नेसून वगैरे येत नाही. एखादी म्हातारी समोर बसते, मी पेन उचलते, आणि माझ्या कानाशी कुणीतरी म्हणतं, ह्या जुनाच आसा. आवाज तिचाच असतो. पेन तसंच थांबतं. मागचा माणूस म्हणतो, ‘काय झालं, ताई?’

मग मी लबाड झाले. डॉक्टरकडे आत जायच्या आधीच पेशंटला केबिनबाहेरच्या बोळात गाठायची. ‘डॉक्टर कधीपासून विचारतील. परवापासून सांगायचं. जुनं हा शब्द तोंडातून काढायचा नाही.’ लोक आधी गोंधळायचे, मग कळल्याचं डोळ्यांत दिसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं तर लगेच माना डोलवायचे. कितीतरी घरांचे फॉर्म मी असे पास करून घेतले. त्याचं पुण्य मला लागेल की पाप, कुणास ठाऊक.

एक दिवस डॉक्टर काउंटरवर आले आणि हसत म्हणाले, ‘बेन, तुमच्या मुलुंडमध्ये सगळ्यांना परवापासूनच कसं काय दुखतं?’ मी कागदात डोकं घातलं. ते गेले नाहीत. हसू गेलं त्यांचं. म्हणाले, ‘पेशंट मला खोटं सांगणार असेल तर मी औषध कशावरून देऊ?’

एकाच केसपेपरवर दोघांची नजर आहे. डॉक्टरला खरं हवं असतं माणूस वाचवायला, कंपनीला खरं हवं असतं माणूस नाकारायला. आतेने खोटं सांगितलं तर ते मोठेपणाने सांगितलं आणि तिचा इन्शुरन्स गेला. मी खोटं शिकवलं तर इन्शुरन्स मिळेल, पण उपचार भलत्याच दुखण्याचे होतील. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो इथे रोगाच्याही आधी सुरू होतो.

कंपन्यांना नुसत्या शिव्या घालून काही होत नाही, हेही मला कळतं. आजारी पडल्यावरच लोक विमा काढायला लागले तर कंपनी बुडेल, म्हणून ती कधीपासून विचारते. पण सगळेच विम्याच्या आत असतील तर विचारायचं कारणच काय? आमच्या मंडळात सगळी घरं आहेत म्हणून तर कुणी विचारत नाही. विमा कधीपासून, तर जन्मापासून. हॉस्पिटलात जन्माचा दाखला निघतो, त्याच दिवशी तो सुरू व्हावा, सरकारने सगळ्यांचा चालवावा, भांडुपच्या डोंगरावरच्यांचा आणि डोंगराखालच्या टॉवरमधल्यांचा एकच. मग आजार कधीपासून हे फक्त डॉक्टरने विचारावं. सोसायटीतले लोक मला सांगतात, सरकारी योजना आहे ना, आता सगळ्यांना आहे म्हणे. आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या योजनेत हा आजार बसत नाही, ते हॉस्पिटल बसत नाही, असं ऐकून काउंटरवरून परत फिरणारी माणसं मी रोज बघते. आणि एक गृहस्थ म्हणाले, सगळं फुकट केलं तर लोक ऊठसूट हॉस्पिटलात येतील. मी म्हटलं, काका, अठरा वर्षांत हौसेने छाती उघडून घ्यायला आलेला एकही माणूस मी पाहिलेला नाही. ते आता माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

आता माझं सांगते. हॉस्पिटलात नोकरी म्हणजे हिला सगळं फुकट, असं नातेवाइकांना वाटतं. मी कंत्राटावर आहे. इथल्या काउंटरवर बसणाऱ्यांना इथला विमा नाही. गेल्या वर्षी मी स्वतःची पॉलिसी काढली. त्या फॉर्मातही तो प्रश्न होता, कोणताही त्रास आहे का. मी ‘नाही’वर खूण केली. स्टेशनचा पूल चढताना तेव्हाच मला दम लागत होता. थोडा. वयाचा असेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

गेल्या महिन्यात त्याच पुलावर मी तीनदा थांबले. चौथ्यांदा कठड्याला धरून उभी राहिले तर एका कॉलेजच्या मुलीने पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी काउंटरवर ‘जरा आले’ म्हणून डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले.

‘बोला बेन. कधीपासून?’

‘परवापासून,’ मी म्हणाले. जिभेवरच होतं ते, मला शोधावंही लागलं नाही.

त्यांनी ईसीजी पाहिला. ‘यात काही खास दिसत नाही. दोनच दिवस झालेत, ॲसिडिटी असू शकेल. गोळ्या देतो, आठवड्याने बघू.’ त्यांनी लिहिलं, दोन दिवसांपासून. मी कागद घेऊन बाहेर आले.

बोळात बाकावर बसले. तिथेच मी शेकड्याने लोकांना खोटं पढवलंय. माझ्या हातातल्या कागदावर माझंच वाक्य होतं आणि त्या वाक्यासाठीच्या गोळ्या होत्या. खरं दुखणं तसंच माझ्या छातीत बसलेलं होतं, त्याला कुणी बघितलंच नव्हतं. आतेला कसं वाटलं असेल ते मला त्या बाकावर पहिल्यांदा कळलं. आपल्याबद्दल चुकीचं लिहिलं गेलंय आणि सगळे आता त्या लिहिलेल्याशी बोलताहेत. मी घाबरले, खूप घाबरले.

उठून परत आत गेले. दार न वाजवताच. ‘डॉक्टर, परवापासून नाही. दोन वर्षं होत आली.’

त्यांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. ‘तुमची पॉलिसी कधीची?’

‘गेल्या वर्षीची.’

आम्ही दोघंही याच कागदांवर जगलेली माणसं, काहीच समजवायचं नव्हतं. ‘हे लिहिलं तर काय होईल, तुम्हाला माहीत आहे ना?’ त्यांनी विचारलं. ‘वर खाडाखोडही दिसेल.’

‘माहीत आहे,’ मी म्हटलं. ‘लिहा.’

त्यांनी जुनी ओळ खोडली, शेजारी सही केली, खाली खरं लिहिलं आणि मला तिथूनच तपासणीला पाठवलं. दोन ब्लॉक निघाले. डॉक्टर म्हणाले, आठवडा थांबला असता तर मी काही सांगू शकलो नसतो.

दुपारी मी माझ्याच टेबलावर बसून माझाच फॉर्म भरला. नाव, वय, पत्ता, नंबर. ‘कधीपासून’च्या रकान्यात दोन वर्षं लिहिली. कंपनीचं उत्तर काय येणार ते मला कुणी सांगायला नको. फॉर्म पाठवला आणि भावाला फोन केला.

त्याने सगळं ऐकलं. त्याचा आवाज बारीक झाला. ‘ताई, कधीपासून होतं हे?’

तो घाबरला होता, कामावर होता, धावत निघाला असता. त्याला उगाच कशाला त्रास, असं मला वाटलं आणि मी काही ठरवायच्या आतच माझं तोंड बोलून गेलं.

‘काही नाही रे. जुनंच आहे.’

पलीकडे त्याने कुणाला तरी पार्सलं सांभाळायला सांगितलं. मग म्हणाला, ‘मी निघतो.’